रिकामा रविवार

गावात क्लब दोन. मध्ये एक रस्ता,
निलगिरीची एक रांग
आणि ऐंशी वर्षांचं भांडण.
आम्ही फेरोकारिल, हिरवे-पिवळे
(रेल्वे बंद पडली, रुळांत गवत माजलं, क्लब तेवढा उरला).
ते फ्रिगोरिफिको, लाल-काळे,
मांसाच्या कारखान्यातले, उरुग्वे नदीच्या बाजूचे.
सख्खे शेजारी, पक्के वैरी.

बाबा म्हणायचे, त्यांच्या मैदानात गवतसुद्धा वाकडं उगवतं.
पाहिलं होतं कुठे त्यांनी ते गवत?

मग आई आठवडाभरासाठी म्हणून
माँतेविदेओला गेली. तिकडेच राहिली.
घरात मी, बाबा आणि रविवार.
एक रविवार सामन्याचा. त्याला वास असायचा
भाजल्या सॉसेजचा, दमट लोकरीचा.
दुसरा, आमची टीम परगावी गेली की,
नुसता भिंतीसारखा समोर उभा.
बाबा घड्याळाला किल्ली द्यायचे. पुन्हा द्यायचे.
एकदा किल्लीच तुटली.

त्या दुपारी ते उठले,
जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली,
थर्मास काखेत, कडू येर्बाचा भोपळा हातात:
"जरा पाय मोकळे करून येतो."
पाय मोकळे करायला कुणी थर्मास नेतं?
मी मागोमाग गेले. अकरा वर्षांची होते.
फाटकाशी त्यांनी मागे न बघता
दोन तिकिटं काढली.

आम्ही मुतारीजवळ उभे राहिलो, जिथे कुणी उभं राहत नाही.
गवत सरळ होतं. मी बोलले नाही.
पलीकडच्या कोपऱ्यात आणखी तिघं,
जाकिटं तशीच, हनुवटीपर्यंत.
एक आमचा पोस्टमन.
एक ओलेगारियो, स्टेशनवरचा जुना सांधेवाला.
कुणी कुणाला ओळख दिली नाही.

नियम असावा: बघायचं, टाळी वाजवायची नाही.
पण त्यांचा एक डावखुरा पोरगा होता,
एत्चेवेरीच्या बेकरीतला धाकटा, नेरी.
झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यावं
आणि ते जागं होऊ नये,
तसा त्याने आभाळातून येणारा चेंडू पायावर घेतला.
मी पाहिलं, बाबांचा उजवा हात
खिशातून आपोआप बाहेर आला,
थोडा वेळ हवेत राहिला,
आणि दुसरा हात सापडेना म्हणून मांडीवर आपटला.

मग तसंच चाललं. एक रविवार इकडे, एक तिकडे.
गावाला कळलंच. न्हाव्याने विचारलं,
"खरं सांग, तू नक्की कुणाचा?"
बाबा म्हणाले, "मानेवरचे जरा बारीक कर."

डर्बीच्या दिवशी मात्र प्रश्न नव्हता.
आम्ही आमच्याच स्टँडमध्ये, हिरवे-पिवळे, घसा बसेस्तोवर.
शून्य-शून्य. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी.
नेरीने चेंडू ठेवला, उचलला, शर्टाला पुसला, ठेवला,
आणि मारला थेट निलगिरीत.

अख्खा स्टँड उठला. कुणाची तरी बिअर माझ्या डोक्यावर.
मीही नाचले, खोटं कशाला सांगू.
खाली पाहिलं तर बाबा बसलेले.
दोन रांगा पुढे, उड्या मारणाऱ्या पायांच्या फटीतून,
ओलेगारियो. तोही बसलेला.
तो वाट काढत आला.
बाबांनी भोपळ्यात पाणी ओतून पुढे केलं.
"निवलंय," तो पिऊन म्हणाला.
"हं," बाबा म्हणाले.
एवढंच.

सोमवारी नेरी काउंटरवर होता,
डोळे सुजलेले, कोपरापर्यंत पीठ.
दुकानात चिटपाखरू नाही. त्याच्याच लोकांनी
वरच्या आळीतली बेकरी धरली होती.
बाबांनी नेहमीसारखा एक पाव मागितला.
मग म्हणाले, चार दे.
सुट्टे तिथेच राहिले. पोराने हाका मारल्या,
बाबांना ऐकू आल्या नाहीत.

शुक्रवारपर्यंत तेच खाल्लं,
आधी लोण्याशी, मग दुधात, मग नुसतं.
कडक झालाय, मी म्हटलं.
चाव, बाबा म्हणाले.